जलाशयावरच्या नावेत वायरलेसची अँटेना कुठे बसवावी

पूर्व विदर्भात पाणी भरपूर आहे आणि त्या पाण्यावर नावाही पुष्कळ आहेत. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रात जाळी टाकणाऱ्या ढिवर बांधवांचे डोंगे, मासेमारी सहकारी संस्थांच्या फायबरच्या बोटी, पेंचमधील तोतलाडोहच्या पाण्यावर फिरणाऱ्या गस्तीच्या बोटी, आणि वैनगंगेला पूर आला की तालुक्याच्या गावाहून गाडीवर लादून आणल्या जाणाऱ्या रबरी बोटी, अशा नाना प्रकारच्या नावा येथे आहेत. यांतल्या निदान काहींवर तरी वायरलेस संच असायलाच हवा, कारण बुडीत क्षेत्राच्या आतल्या भागात मोबाइलवर भरवसा ठेवता येत नाही आणि पुराच्या दिवसांत गावची वीज गेली की जी काही रेंज असते तीही बऱ्याचदा जाते. संच विकत घेताना लोक चार ठिकाणी चौकशी करतात, पण अँटेना मात्र जिथे हाताला सोयीचा पाइप सापडला तिथे बांधून मोकळे होतात.

मी हौशी रेडिओचा परवानाधारक आहे आणि नावांवर अँटेना बसवण्याच्या कामात बरीच वर्षे हात घालत आलो आहे. या कामातली माझी पक्की समजूत एका प्रसंगाने घडवली. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतली नदीकाठची गावे पाण्यात गेली. त्या वेळी मी एका उंचवट्यावरच्या इमारतीच्या गच्चीवर संच लावून बसलो होतो. बचावाची एक बोट गावाकडे जात असताना तिचा आवाज अगदी स्वच्छ येत असे, पण तीच बोट माणसे भरून आमच्याकडे परत येऊ लागली की आवाज तुटू लागे आणि नेमके किती जण आहेत, कोणी जखमी आहे काय, हे शब्द हरवत. अँटेना मागच्या फळीवर, बसलेल्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर बांधलेली होती. बोट आमच्याकडे तोंड करून येत असताना अँटेना आणि आम्ही यांच्यामध्ये भिजलेली दहा-बारा माणसे बसलेली असत. आदल्या दिवशी तपासणी झाली होती, पण ती काठावर, रिकाम्या बोटीत, इंजिन बंद ठेवून झाली होती. तेव्हापासून माझा नियम असा आहे की अँटेनेची जागा कागदावर सुचवावी, पण ठरवावी ती नाव पाण्यात असताना, माणसे बसलेली असताना आणि इंजिन चालू असतानाच.

कोणाशी बोलायचे आहे, हे आधी ठरवा

पहिली पायरी बाजारात जाण्याची नाही. एक कागद घ्यावा आणि आपली नाव ज्या पाण्यावर चालते त्याचा ढोबळ नकाशा काढावा. काठावरचा संच कुठे आहे, त्याची अँटेना किती उंचावर आहे, मधे टेकड्या कुठे आहेत, नाव जास्तीत जास्त किती लांब जाते, आणि एका नावेला दुसऱ्या नावेशी थेट बोलण्याची गरज पडते काय, एवढ्या गोष्टी त्यात याव्यात. आंभोऱ्याच्या बाजूला डोंगर थेट पाण्याला भिडलेले आहेत. नवेगाव बांधाचा तलावही डोंगरांच्या कुशीत आहे. अशा ठिकाणी टेकडीच्या आड गेलेल्या नावेला अँटेनेची कोणतीही जागा पूर्णपणे वाचवू शकत नाही; तिथे काठावरच्या संचाचीच जागा बदलावी लागते. पाऊस संपल्यावर जलाशय भरलेला असताना गोसीखुर्दचे पाणी समुद्रसपाटीपासून २४५.५ मीटरच्या पूर्ण संचय पातळीला असते आणि काठ पाण्याला टेकलेले असतात, पण मे महिन्यात पाणी खाली जाते, काठ उघडे पडून भिंतीसारखे वर येतात आणि नाल्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या डोंग्याची ठेंगणी अँटेना त्यांच्या आड जाते. म्हणून नकाशावर दोन्ही ऋतूंची पाणरेषा दाखवणे उपयोगाचे ठरते.

येथेच परवान्याची गोष्ट सांगून टाकतो. समुद्रावर १५६.८ मेगाहर्ट्झचे चॅनल १६ संकटाच्या हाकेसाठी राखलेले असते, पण आपल्या जलाशयावर ते ऐकणारे किनारी केंद्र नाही, त्यामुळे सागरी संच आणून लावला म्हणजे सोय झाली असे समजू नये. सरकारी विभागाच्या नावेवर त्या विभागाला मिळालेली फ्रिक्वेन्सीच वापरावी लागते. हौशी परवानाधारकाला १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरता येतो, परंतु त्यावर व्यापारी संदेश देता येत नाहीत. परवाना नसताना बाहेरची अँटेना लावून प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे, हे मासेमारी संस्थांनी विशेष लक्षात घ्यावे आणि संस्थेच्या नावाने रीतसर अर्ज करूनच संच घ्यावेत.

उंचीचा हिशेब

या पट्ट्यातल्या लहरी जवळपास दृष्टीच्या रेषेतच जातात. किती लांब जातील याचा अंदाज बांधण्याची रीत सोपी आहे: अँटेनेची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ४.१ ने गुणावे. दोन्ही टोकांचे असे आकडे मिळवले की किलोमीटरमध्ये अंतर मिळते. उंची मोजताना अँटेनेच्या मध्यापर्यंत मोजावी. समजा, काठावरची अँटेना १६ मीटर उंच आहे. नावेची अँटेना दीड मीटरवर असेल तर मर्यादा सुमारे २१ किलोमीटर येते आणि ती तीन मीटरवर नेली तर सुमारे २३ किलोमीटर. म्हणजे नावेवरची उंची दुप्पट करूनही दोनच किलोमीटर वाढले. नाव ते नाव बोलायचे असेल तर मात्र हाच फरक १० किलोमीटरवरून १४ किलोमीटर असा दिसतो. हे आकडे मधे काहीही आडवे नसतानाचे आहेत, टेकडी, पूल किंवा झाडी आली की ते कमी होतात.

दुसरी गोष्ट शक्तीची. गोड्या पाण्यावर उभी अँटेना पाण्यापासून साधारण तीन मीटरच्या आत असेल, तर तिची उंची वाढवून दूरवर मिळणारी शक्ती फारशी वाढत नाही. दीड मीटरवरून तीन मीटरवर गेल्याने ती साधारण दीडपट होते. काठावरची अँटेना मात्र आठ मीटरवरून सोळा मीटरवर नेली तर दूरच्या नावेकडून येणारा संदेश जवळपास चौपट शक्तीने मिळतो. यावरून माझे मत असे बनले आहे की खर्च करायचाच असेल तर तो काठावरच्या खांबाच्या उंचीवर करावा. नावेवर एवढीच उंची पुरे की अँटेनेचा काम करणारा भाग उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर आणि आजूबाजूच्या लोखंडाच्या बाहेर राहील. त्याहून उंच खांब छोट्या नावेला नुसता झोकांड्या देतो. एक इंची मध्यम जाडीचा जीआय पाइप मीटरमागे सुमारे अडीच किलो भरतो, म्हणजे तीन मीटरचा खांब सात किलोहून जास्त झाला, आणि एवढे वजन उंचावर ठेवलेला डोंगा वाऱ्यात कसा वागतो, ते नावाड्याला विचारावे.

नावेच्या अंगाप्रमाणे अँटेना

जागा आणि अँटेनेचा प्रकार या दोन गोष्टी वेगळ्या ठरवता येत नाहीत. मोटारीच्या टपावर दिसणारी पाव लहरीची, म्हणजे एका लहरीच्या लांबीच्या सुमारे चौथ्या हिश्श्याएवढी अँटेना, जी १४५ मेगाहर्ट्झला सुमारे ४९ सेंटिमीटर लांब असते, तिला पायाखाली धातूचा पत्रा लागतो. तो पत्रा म्हणजे अँटेनेचाच दुसरा अर्धा भाग असतो. लाकडाच्या डोंग्यावर, फायबरच्या बोटीवर किंवा रबरी बोटीवर असा पत्रा नसतो आणि नावेखालचे पाणी ती उणीव भरून काढत नाही. म्हणून या तिन्ही प्रकारच्या नावांवर अर्ध्या लहरीची, म्हणजे सुमारे एक मीटर लांबीची, जिला खालचा पत्रा लागत नाही अशी अँटेना घ्यावी. दुकानात विचारताना ‘ग्राउंड प्लेन न लागणारी’ असे स्पष्ट विचारावे. पाण्यावर हिंडलेल्या एका फायबर बोटीवर मी मोटारीची चुंबकी अँटेना प्लास्टिकच्या पेटीवर ठेवलेली पाहिली आहे; तिच्याने बोलणे होत होते, पण दोन किलोमीटरच्या आतच.

उलट, लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या अंगाची बोट असेल, अथवा पर्यटनाच्या बोटीवर पत्र्याचे सपाट छप्पर असेल, तर त्या छपराच्या मधोमध लावलेल्या पाव लहरीच्या अँटेनेसारखी चांगली जागा दुसरी नाही. तिच्या चहूबाजूंना निदान अर्धा मीटर पत्रा असावा. ती ठेंगणी असते, झाडाच्या फांदीत अडकत नाही, वजनाने हलकी असते आणि छपराखालच्या माणसांची सावली तिच्यावर पडत नाही. छप्पर रेक्झिनचे किंवा ताडपत्रीचे असेल आणि खाली फक्त पाइपांचा सांगाडा असेल, तर तो पत्रा धरता येत नाही; तिथे पुन्हा अर्ध्या लहरीचीच अँटेना लावावी.

जास्त ‘गेन’ची, म्हणजे शक्ती एका दिशेत जास्त एकवटणारी अँटेना म्हणजे जास्त लांब पल्ला, असे दुकानदार सांगतात. गेन वाढतो तो लहरी आडव्या पातळीत दाबून, आणि नाव हलली की ती दाबलेली चकती आकाशात किंवा पाण्यात जाते. मोठ्या, जड बोटीवर ६ डेसिबलची अँटेना चालते. डोंगा, रबरी बोट आणि लहान फायबर बोट यांच्यावर ३ डेसिबलच्या वर जाऊ नये, विशेषतः काठावरचे केंद्र टेकडीवर असेल तर मुळीच जाऊ नये.

जागा निवडताना एकेक ठिकाण पारखणे

आता नावेत उभे राहून चहूकडे पाहावे. नावेचे पुढचे टोक पहिल्यांदा डोळ्यांत भरते, कारण ते मोकळे असते आणि इंजिनापासून लांब असते. पण तिथूनच जाळे ओढले जाते, तिथूनच दोर फेकला जातो आणि काठाला लागताना तेच टोक बेसरमच्या झुडपांत शिरते. मी पुढच्या टोकावर लावलेल्या अँटेना एका हंगामात मोडलेल्या पाहिल्या आहेत. मासेमारीच्या डोंग्यावर तर ही जागा सरळ सोडून द्यावी.

मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगलेले असते, ही रबरी बोटीवर बहुधा एकमेव पक्की जागा असते, कारण बाकी सारे हवेचे फुगे असतात. तिथे अँटेना लावायची असेल तर फळीच्या कोपऱ्यात, इंजिन चालवणारा ज्या बाजूला बसतो त्याच्या विरुद्ध बाजूला, खांब बांधावा आणि तो इतका उंच ठेवावा की अँटेनेचा खालचा टोक बोटीच्या तळापासून दोन मीटरवर येईल. म्हणजे सुटकेच्या वेळी माणसे उभी राहिली तरी अँटेना त्यांच्या डोक्यावरून पाहील. पेट्रोलच्या इंजिनाच्या ठिणगीचा खरखराट ही या जागेची दुसरी अडचण. तिच्यासाठी दोन उपाय आहेत: प्लग रेझिस्टर असलेला घ्यावा, आणि अँटेनेची केबल इंजिनाच्या वायरांसोबत एकाच गठ्ठ्यात न बांधता फळीच्या दुसऱ्या टोकाने न्यावी. खांब उंच झाला की अँटेनाही इंजिनापासून आपोआप लांब जाते, हा त्यातला अधिक फायदा.

फायबरच्या बोटीवर मध्यभागी चालकाचा उभा कट्टा असेल, तर त्या कट्ट्याची बाजू मला सर्वांत जास्त पसंत आहे. नाव डोलते तेव्हा मध्यभाग सगळ्यांत कमी हलतो, केबल आखूड लागते, संच तिथेच असतो आणि खांबाला दोन ठिकाणी आधार देता येतो. मात्र चालक अँटेनेला खेटून उभा राहतो काय, ते पाहावे. २५ वॅटच्या संचावर बोलताना कोणाचेही डोके अँटेनेपासून एक मीटरच्या आत असू नये, हे आरोग्याच्या दृष्टीनेही हवे आणि संदेशाच्या दृष्टीनेही, कारण माणसाचे शरीर बहुतांशी पाणी आहे आणि ते लहरी शोषून घेते.

लाकडी डोंग्यावर कट्टा नसतो, फळी नसते, असते ती फक्त आडवी पाटी. तिथे मला बांबूपेक्षा चांगला खांब सापडलेला नाही. गडचिरोली-भंडाऱ्याकडे तो सहज मिळतो, हलका असतो, वीजवाहक नसतो आणि मोडला तर दुसरा तोडता येतो. वाळलेला, अंगठ्याएवढ्या जाडीहून थोडा जाड असा बांबू आडव्या पाटीला दोन यू-क्लॅम्पांनी, नाव वल्हवणाऱ्याच्या पाठीमागे बांधावा. नावेच्या पाण्याखालच्या भागाला किंवा फळ्यांच्या सांध्याला कोणत्याही कारणाने भोक पाडू नये. हौशी परवानाधारकाला येथे अँटेना घरीही करता येते: आरजी-५८ या पातळ केबलच्या टोकाकडचे ४९ सेंटिमीटर बाहेरचे आवरण आणि त्याखालची तारांची जाळी सोडवून मधली तार मोकळी ठेवायची, तीच जाळी उलटी फिरवून खाली ४९ सेंटिमीटर केबलवर चढवायची, त्याच्याखाली केबलचे पाच-सहा वेढे दहा सेंटिमीटर व्यासाचे करून बांधायचे आणि सगळे बांबूला लावायचे. प्लास्टिकच्या नळीत घातली तर ती थोडी आखूड करावी लागते, म्हणून आधी लांब ठेवून, परत येणारी शक्ती दाखवणाऱ्या मीटरवर पाहत पाहत कापावी.

या सगळ्या जागांना काही अंतरे सारखीच लागू आहेत. अँटेनेला समांतर उभा असलेला लोखंडी पाइप, झेंड्याची काठी किंवा छपराचा खांब एक मीटरच्या आत असेल तर त्या दिशेला आवाज दबतो. दुसऱ्या संचाची अँटेना, जीपीएस आणि होकायंत्र हेही निदान एक मीटर दूर ठेवावेत. अँटेनेच्या खाली असलेला धातूचा खांब चालतो. तिच्या बाजूने वर गेलेला धातू चालत नाही. ओले जाळे अँटेनेच्या खांबावर वाळत घालण्याची सवय मोडावी. आणि अँटेना उभीच राहावी, कारण काठावरची अँटेनाही उभी असते: दहा-पंधरा अंश कलली तर काही बिघडत नाही, पण आडवी पडली तर संदेशाचा अगदी थोडा अंश शिल्लक राहतो.

पाण्यात उतरून केलेली चाचणी

एवढ्या पारखीनंतर दोन जागा शिल्लक राहिल्या की भोके पाडण्याआधी दोन्ही ठिकाणी खांब तात्पुरता बांधावा आणि नाव पाण्यात घालावी. या पायरीला अर्धा दिवस लागतो आणि तोच अर्धा दिवस लोक वाचवू पाहतात. प्रत्यक्षात जेवढी माणसे नावेत बसतात तेवढी बसवावीत आणि जेवढे सामान असते तेवढे ठेवावे, कारण भरलेली नाव पाण्यात खोल बसते आणि मागून दबते. काठावर एक जाणकार माणूस वही घेऊन बसवावा.

आधी स्टँडिंग वेव्ह रेशो, म्हणजे अँटेनेकडून किती शक्ती परत येते हे सुचवणारे गुणोत्तर, मीटरवर पाहावे. ते १.५ च्या आत असेल तर उत्तम, २ पर्यंत चालते, कारण त्या वेळी सुमारे ११ टक्केच शक्ती परत येते. ३ असेल तर २५ टक्के परत येते आणि तिथे थांबून कारण शोधावे. हे माप खांबाजवळ माणसे बसलेली असतानाच घ्यावे. माणूस सरकल्यावर काटा हलत असेल, तर अँटेना माणसांच्या फार जवळ आहे.

त्यानंतर नाव अशा अंतरावर न्यावी जिथे आवाज नुकताच खरखरू लागतो. जवळ राहून केलेल्या चाचणीत एफएम संच सगळ्याच जागांना सारखा स्वच्छ आवाज देतो आणि चांगल्या-वाईट जागेतला फरक लपवतो. इतके दूर जाणे शक्य नसेल तर संचाची शक्ती सर्वांत कमी ठेवून बोलावे. मग नाव जागच्या जागी सावकाश गोल फिरवावी आणि ‘तोंड तुमच्याकडे’, ‘उजवी बाजू तुमच्याकडे’ असे आठ दिशांना सांगत जावे. काठावरच्याने प्रत्येक दिशेला एक ते पाच असे गुण लिहावेत. हीच फेरी दुसऱ्या जागेवरही करावी, आणि दोन्ही फेऱ्या एकदा इंजिन बंद ठेवून, एकदा चालू ठेवून कराव्यात. इंजिन चालू असताना ऐकण्याची बाजू तपासायला स्क्वेल्च, म्हणजे संदेश नसताना खरखर दाबून ठेवणारी सोय, पूर्ण उघडावा आणि खरखराटीत इंजिनाच्या गतीबरोबर वाढणारी टिकटिक आहे काय, ते ऐकावे.

वहीतले गुण समोर आले की निर्णय घेताना सरासरीपेक्षा सर्वांत कमी गुणाकडे पाहावे. सात दिशांना पाच आणि एका दिशेला एक मिळवणारी जागा मी नाकारतो, आणि सगळ्या दिशांना चार मिळवणारी घेतो, कारण पुरात नाव कोणत्या तोंडाने उभी राहील हे आपल्या हातात नसते. त्या एका गुणाच्या दिशेला बहुधा छपराचा खांब किंवा माणसे असतात. खांब अर्धा मीटर सरकवून ती दिशा सुधारते काय, हे पाहूनच मग जागा कायमची नाकारावी.

पक्के बसवणे

जागा ठरली की फायबरच्या पृष्ठभागाला नुसते स्क्रू कधीही लावू नयेत. वाऱ्याच्या दोन झटक्यांत ते उपटतात. आरपार भोके पाडून आतल्या बाजूने ॲल्युमिनियमची किंवा जाड प्लायवुडची पट्टी लावावी, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, मोठे वॉशर आणि लॉक-नट वापरावेत, आणि प्रत्येक भोकाच्या कडेला सीलंट भरावा. भोक प्लायवुडच्या गाभ्यातून गेले असेल तर आतल्या लाकडाला आधी इपॉक्सी लावून ते बंद करावे, नाहीतर पावसाळ्यात गाभा पाणी पिऊन कुजतो. दीड मीटरहून लांब अँटेनेला पायाशिवाय वर आणखी एक आधार द्यावा.

खांबाच्या पायाशी बिजागरी असलेला, एका हाताने आडवा पाडता येणारा आधार घ्यावाच, असा माझा आग्रह आहे. त्याचे कारण जिवाशी निगडित आहे. पुरात पाण्याची पातळी चढते, पण विजेच्या तारा आहेत तिथेच राहतात, आणि एरवी डोक्यावरून खूप उंच जाणारी ११ किलोव्होल्टची तार नावेतल्या माणसाच्या हाताशी येते. तीन मीटरचा धातूचा खांब घेऊन तशा तारेखालून जाणे म्हणजे मरण आहे. वीज बंद केली आहे असे कोणी सांगितले तरी खांब पाडल्याशिवाय तारेखाली जाऊ नये, आणि शक्यतो त्या वाटेने जाऊच नये. पुलाखालून जातानाही खांब पाडावा, आणि बुडीत क्षेत्रातल्या उभ्या वाळलेल्या झाडांतून जातानाही.

आकाशातल्या विजेबद्दलही तेवढेच काटेकोर राहावे. मृगाच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा फार पडतात. मोकळ्या जलाशयावर नाव हीच सर्वांत उंच वस्तू असते आणि तिच्यावरचा खांब ती उंची आणखी वाढवतो. गडगडाट ऐकू आला की काठ गाठावा, खांब पाडावा, केबल संचातून काढावी आणि नावेपासून दूर जावे. अँटेनेचा खांब वीज झेलण्यासाठी केलेला नसतो आणि त्याला पाण्यात तार सोडून तसा करण्याचा प्रयत्न करू नये.

केबल आणि जोड

जागा निवडतानाच केबलची लांबी मनात धरावी. आरजी-५८ ही पातळ केबल या पट्ट्यात पाच मीटरमध्ये सुमारे पाचवा हिस्सा शक्ती खाते आणि दहा मीटरमध्ये तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. जाड आरजी-२१३ पाच मीटरमध्ये जेमतेम दहावा हिस्सा खाते, पण ती ताठ असते आणि बिजागरीपाशी वाकत नाही. पाच मीटरपर्यंत पातळ केबल चालेल, त्यापुढे जाड घ्यावी आणि बिजागरीपाशी मोठा सैल वेढा ठेवावा. उरलेली केबल संचामागे घट्ट गुंडाळून ठेवण्याऐवजी कापून नवा जोड लावावा.

केबलच्या टोकाला लावायचा पीएल-२५९ जोड पाणी अडवत नाही. तो चांगला डाग देऊन बसवावा, त्याच्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी आणि तिच्यावर साधी काळी टेप लावावी. नुसत्या काळ्या टेपचा गोंद मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या उन्हात वितळून निघून जातो आणि जूनमध्ये पाणी सरळ जोडात शिरते. केबल खाली नेताना आत शिरण्यापूर्वी तिला एक खोलगट झोळ द्यावा, म्हणजे थेंब तिथेच गळून पडतील. प्लास्टिकच्या झिप टाय काळ्याच घ्याव्यात, पांढऱ्या उन्हाने वर्षभरात ठिसूळ होतात.

पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर अशी वर्षातून दोनदा जोडाची टेप उघडून आतली जाळी हिरवी किंवा काळी पडली आहे काय, ते पाहावे, बिजागरीचे नट कसावेत आणि आठ दिशांची फेरी पुन्हा करून तिचे गुण त्याच वहीत, मागच्या तारखेखाली लिहावेत.